अख्खी गोडंबी

हातांना राख चोळून केशरबाईने दगडावर बिब्बा ठेवला आणि ठेचला. तेलाचा थेंब मनगटावर उडाला, कातडी चुरचुरली. तिकडे लक्ष न देता तिने फुटक्या टरफलातून पांढरी गोडंबी अलगद काढून घेतली. दोन्ही हात उतून आले होते; पण आत लेक बाळंतीण होती आणि तिला दूध नव्हतं.

भिवराचं पहिलं बाळ सासरी, तेलगावला, असंच भुकेलं गेलं. म्हणून या खेपेला केशरबाईने हट्टाने तिला चौसाळ्याला आणलं होतं. तुपात परतलेली गोडंबी आणि गूळ दोन वेळा चालू होता. तरी लेकीच्या गालांची हाडं वर येत चालली आणि बाळ कोरड्या तोंडाने रडे.

"खातीस ना गं सगळी?"

"खाती की, माय."

"मग अंगी कावून लागंना?"

भिवराने पदर तोंडावर ओढून घेतला.

केशरबाईला रागच आला. कुठे टाकून तर देत नाही ही? दुसऱ्या दिवशी बाळंतिणीचं भांडं उकिरड्यावर पालथं करताना मात्र तिचा हात थबकला. तुपात टाकल्या होत्या तशाच अख्ख्या गोडंब्या पडल्या होत्या. एकीलाही दात लागलेला नव्हता. पोर नुसती गिळत होती, आणि गिळलेलं जसंच्या तसं बाहेर पडत होतं. अंगी लागणार तरी काय! ती भाकरीसुद्धा दुधात कुस्करूनच खाते, हे केशरबाईला आत्ता आठवलं.

घरात येऊन तिने लेकीची हनुवटी धरली.

"आ कर."

एका बाजूच्या दाढा नव्हत्या. दुसऱ्या बाजूचा जबडा नीट मिटत नव्हता.

"न्हाणीत पडले, माय."

"पडलीस, तर लपवलंस कावून?"

भिवराने बाळाला आणखी घट्ट धरलं.

त्या दिवसापासून गोडंबी पाट्यावर वाटली जाऊ लागली. गंधासारखी मऊ झाली की केशरबाई ती दुधात कालवून लेकीच्या हाती देई. हळूहळू भिवराला पान्हा फुटला. बाळ पोटभर पिऊन झोपू लागलं. भिवराच्या वडिलांना, भगवानरावांना, वाटलं, आता लेकीला पाठवायला हरकत नाही; त्यांनी जावयाला निरोप धाडला.

सुग्रीव गाडी घेऊन सकाळीच आला. बाळ पाहून खूश झाला.

"लई बाळसं धरलंय की, मामा!"

भगवानरावांनी हौसेने गाडीत कडबा पसरला, त्यावर लेकीला बसायला घरची वाकळ अंथरली आणि दारातून हाक दिली, "आवर गं, भिवरे."

भिवराने मुकाट्याने बोचकं उचललं. केशरबाई आडवी आली.

"आधी आत या. हिचं तोंड बघा."

भिवराने बापापुढे तोंड उघडलं. भगवानरावांनी पाहिलं. त्यांना लेकीच्या डोळ्यांकडे बघवेना.

ते बाहेर गेले. गाडीतली वाकळ ओढून काढली, झटकली, घडी करून खांद्यावर टाकली.

"ऊन व्हायच्या आत निघा, जावई," ते म्हणाले.