लंबीचा दगड

सुचिताने लंबीचं इंजिन काढलं, तेव्हा तिच्या बाबांनी, उत्तमरावांनी, त्याला हार घातला. मग कडुनिंबाखाली खुर्ची टाकून ते सांत्वनाला येणाऱ्यांची वाट पाहत बसले. चार जण आलेही.

लंबी म्हणजे त्यांची लांब नाकाची जुनी पांढरी गाडी. संग्रामपुरात एवढी लांब गाडी दुसरी नव्हती, आणि गावातल्या बऱ्याच गल्ल्यांत तीही मावत नसे. सुचिताने इंजिनाच्या जागी मोटर बसवली, डिक्कीत बॅटऱ्या टाकल्या, आरटीओचा कागद मिळवला आणि म्हणाली, "बाबा, रोडवरचं गोदाम मले द्या. लोकाइच्या जुन्या गाड्या विजेवर करायचा धंदा टाकायचा हाय."

शेगावचे भगवानराव त्यांची जीप घेऊन यायला तयारच होते. पण ते गोदाम एक खतवाला भाड्याने मागत होता.

"राजूरच्या घाटात बंद नाई पडली, तं गोदाम तुह्यं," उत्तमराव म्हणाले. "पडली, तं खतवाल्याचं."

ते निर्धास्त होते. बुलढाण्याला जाताना लंबी राजूर घाटात, शालूबाईच्या चहाच्या टपरीसमोर बंद पडायची. कधीमधी नाही, दरवेळी. घरात त्याची शिस्त बसली होती. डावीकडून उत्तमराव आणि उजवीकडून थोरला मुलगा राजकुमार धक्का देणार. तानुबाई, म्हणजे सुचिताची माय, मागच्या चाकाला दगड लावणार. दगड घरचा होता. वाटेतल्या दगडावर तानुबाईचा भरवसा नव्हता. प्रवासभर तो तिच्या मांडीवर असे, आणि दसऱ्याला गाडीबरोबर त्यालाही हळदकुंकू लागे.

सुचिताही निर्धास्तच होती. मोटर निवडतानाच तिने घाटाचा चढ हिशोबात धरला होता, चौघांचं वजन धरलं होतं, आणि दगडाचंही.

निघाले. मोताळ्यापर्यंत लंबी इतकी गुमान गेली, की राजकुमारने खिडकीतून वाकून चाकं फिरताहेत का ते पाहून घेतलं. घाट लागला. वळणावर वरून एसटी आली, म्हणून सुचिताने ब्रेक दाबून गाडी कडेला उभी केली. समोर शालूबाईची टपरी. आवाज शून्य.

पुढचं कुणी ठरवून केलं नाही. एसटी गेल्यावर सुचिताने आरशात पाहिलं, तर मागची सीट रिकामी होती. शेजारचीही.

"माय, दगड काऊन लावला?"

"लागला," मागून उत्तर आलं.

"क्लच सोड वं," उत्तमराव म्हणाले.

"क्लच नाई बाबा हिले. बसा, गाडी चालू हाय."

"चालू असती तं आमी उतरलो असतो काय?"

सुचिताने ब्रेक सोडला. लंबी निघून गेली. तिघं तसेच वाकून हवेला धक्का देत राहिले. हवेने साथ दिली नाही आणि राजकुमार पडला. शालूबाईने सवयीने चहा गाळलाच होता. तो पिऊन तिघं मागच्या एसटीने वर आले. कंडक्टरने दगडाकडे बोट दाखवलं, तेव्हा तानुबाई म्हणाली, "घरचा हाय."

वर थांबलेल्या सुचिताला उत्तमरावांनी निकाल दिला. "धक्का देल्यावर गेली. गोदाम खतवाल्याचं."

सुचिताचा हिशोब पहिल्यांदाच चुकला. मोटरमध्ये दोष असता तर तिने काढला असता. हा घरच्यांत होता, आणि त्यांचे पार्ट मिळत नाहीत.

"परत चला," ती म्हणाली. "तिथंच उभी करू. कोणी उतरायचं नाई. जो उतरंल तो हरला."

ते खाली गेले, वळले, पुन्हा चढले. टपरीसमोर तिने गाडी थांबवली. उत्तमरावांचा हात दाराच्या कडीवर गेला आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने ओढून परत आणला. राजकुमारने तळहात मांड्यांखाली दाबून धरले. तानुबाईने दगडाला पदराखाली झाकलं, त्याला तरी हे दिसू नये म्हणून.

सुचिताने काच खाली केली. "शालूमावशी, गुडघा कसा हाय?"

शालूबाईने दोन्ही गुडघ्यांचं सविस्तर सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर सुचिताने ब्रेक सोडला. लंबी चढायला लागली, आणि तिघं आतल्या आत पुढे वाकून, जे समोर सापडेल ते, जीव तोडून ढकलत राहिले. घाट संपला तेव्हा उत्तमरावांना धाप लागली होती.

"उतरलं कोणी?" सुचिताने विचारलं.

"नाई."

"धक्का?"

उत्तमरावांनी आपले लाल झालेले तळहात पाहिले. माणूस सरळ होता. "देला. पण आतून," ते म्हणाले. "आतून देलेला धक्का धरत नसतात. घे गोदाम."

मांडीवर आता घेऊन काय करायचं, म्हणून तानुबाईने दगड गोदामाच्या दारात ठेवून दिला. हळदकुंकू अंगावर होतंच. भगवानराव जीप घेऊन आले, दारात चपला काढल्या, दगडासमोर नारळ फोडला आणि मगच आत शिरले. जीप झकास झाली.

त्यांनी पाठवलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाने सुचिताला ना बॅटरीचं विचारलं, ना मोटरचं. दारातल्या दगडाला हात जोडून त्याने विचारलं, "हा देव कोणत्या वारी पावते?"

"सोमवारी सुट्टी," सुचिता हात पुसत म्हणाली. "बाकी रोज."