खालची कड

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. निदान माझा वरचा अर्धा भाग तरी अजून आहे. मित्रांनो, जवळ यायचं तर आधी नाकाला रुमाल लावा. माझ्या अंगाला कुजका वास येतो आणि त्याची मला स्वतःलाच किळस वाटते.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. सुताराने मला तासून, घासून गुळगुळीत केलं, बिजागऱ्या ठोकल्या आणि अंगणातल्या एका सुट्या खोलीला लावलं. आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे सुताराला घरी जायची घाई आणि मालकांना रंग द्यायची. मी चौकटीत उभा असतानाच मालकांनी ब्रश चालवला. समोरून हिरवा, मागून हिरवा, अगदी चकाचक! येणारा-जाणारा "वा!" म्हणाला की मालकांची छाती फुगायची. खोटं कशाला सांगू, माझीही फुगायची. पुढे मी पाण्याने फुगलो, तेव्हा मात्र कुणी कौतुक केलं नाही.

जमिनीकडे तोंड असलेली माझी खालची कड तेवढी कोरी राहिली. बोटभर रुंदीची ती पट्टी बघायला कोण वाकतं? पावसाचं पाणी फरशीवर आपटून उडायचं आणि तिथून गपागप माझ्या अंगात शिरायचं. मी चौकटीत अडकायला लागलो. मालकांनी भर पावसात रंधा मारून मला बारीक केलं. ऊन पडल्यावर मी आकसलो आणि खाली चांगली फट पडली. मग मालकांनी डोकं चालवलं. जुन्या गादीचा स्पंज कापून त्यांनी माझ्या पायाशी खिळ्यांनी ठोकला आणि त्यावरही हिरवा रंग फासला. वर हात झटकत म्हणाले, "झालं काम! आता थेंब आत येणार नाही."

थेंब आत आला नाही, कारण तो स्पंजातच राहिला. पावसाळाभर मी ओला लंगोट नेसल्यासारखा उभा होतो. त्या स्पंजात काय काय झालं ते ऐका. आधी पांढरी बुरशी, मग काळी, मग बुळबुळीत लगदा आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. वरून मी तसाच हिरवागार. पाहुणे अजून "वा!" म्हणत होते आणि मला त्या शब्दाचाच वीट आला होता.

त्याच सुमारास मालकांची थोरली बहीण त्या खोलीत राहायला आली. मुलं तिला आत्या म्हणायची. तिचे गुडघे दुखायचे आणि संडास होता अंगणाच्या पलीकडे. खोलीला दार एकच, ते म्हणजे मी. मी उघडलो तर तिची सोय, नाही उघडलो तर काहीच नाही.

"अरे, इथे काहीतरी सडलंय," ती दोनदा म्हणाली.

"ताई, तुझं नाकच फार तिखट! दार बघ, आरशासारखं आहे," असं म्हणत मालकांनी फिनेल शिंपडलं आणि माझ्यावर रंगाचा आणखी एक हात मारला.

एके दिवशी सकाळी घरचे सगळे बाहेरगावी गेले आणि पाऊस कोसळायला लागला. आत्याने मला ओढलं. मी हललो नाही. तिने दोन्ही हातांनी कडी धरून ओढलं, हाका मारल्या, पण पत्र्यावरच्या पावसात तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार? मला उघडायचं होतं हो! पण रंगाचे थर आणि फुगलेलं लाकूड चौकटीत रुतून बसलं होतं. शेवटी तिला कोपऱ्यातल्या बादलीवरच बसावं लागलं. मग ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि रडली. बुरशीची, अळ्यांची किळस मी सोसली होती. त्या दुपारी आलेली किळस त्याहून वाईट होती.

संध्याकाळी मालक परतले. आतून हाक ऐकताच त्यांनी मला जोरात लाथ घातली. त्यांचा पाय थेट माझ्यातून आरपार गेला. बाहेर काढला तेव्हा चपलेवर काळा लगदा आणि दोन अळ्या होत्या.

"शी! शी! शी!" मालक एका पायावर नाचले.

"वरचा रंग बघ ना," आत्या त्या भोकातून म्हणाली, "किती सुरेख आहे!"

मग मला कापलं. खालचा भाग गेला कचऱ्यात आणि वरचा अंगणातल्या नळापाशी बादल्या ठेवायला आला. चौकटीत नवा दरवाजा उभा राहिला आणि मालक निळ्या रंगाचा डबा घेऊन लगेच भिडले. मी जमिनीवर आडवा पडलेलो, म्हणून मला त्याची खालची कड दिसत होती. ती कोरी होती! आभाळ पुन्हा भरून आलं होतं आणि मला ओरडता येत नव्हतं.

इतक्यात आत्या आली. तिने वेणीफणीचा छोटा आरसा दाराखाली सरकवला, गुडघा धरत वाकली आणि बघितलं.

"उतरव हे दार."

"अगं ताई, तिथे कोण बघतंय?"

"मी बघतेय. आत मी अडकले होते, तू नाही."

मालकांचा चेहरा पडला. त्यांनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, नवा दरवाजा आणून माझ्यावर आडवा टेकवला आणि पहिल्यांदा खालची कड रंगवली. मग मालकांच्या हातात पुन्हा स्पंजाचा तुकडा दिसला, तो मात्र आत्याने लगेच हिसकावून घेतला.

मित्रांनो, पाऊस यायच्या आत तुमच्याही दाराखिडक्यांखाली एकदा आरसा धरा. वरचा रंग बघून "वा!" म्हणणारे पुष्कळ मिळतील, खाली वाकणारं माणूस घरातलंच लागतं.

नव्या दाराची ती कड रंगवताना ब्रशातून दोन थेंब ओघळले आणि मला जिथे कापलं होतं तिथे पडले. माझ्या खालच्या कडेला मिळालेला तो पहिला रंग.