तात्पुरतं उत्तर

ऑफिसात त्यांना सगळे 'तात्पुरते' म्हणत, तेही आडनाव असावं इतक्या सहज. कुठलंही काम हातात आलं की हा गडी म्हणायचा, "तात्पुरतं करून ठेवतो, मग नीट करू." ते 'मग' काही आजवर उजाडलं नव्हतं.

रजांचा प्रोग्राम त्यांच्याकडे होता. कंपनीचे सतरा विभाग एकाच इंटरफेसला बांधलेले. इंटरफेस म्हणजे करार: त्यात जे प्रश्न असतील, त्यांची उत्तरं प्रत्येक विभागाच्या कोडमध्ये असायलाच हवीत. सहा महिन्यांपूर्वी साहेबांनी त्यात नवा प्रश्न घालायला लावला, 'तातडीची रजा द्यायची का?' प्रश्न घातला मात्र, सतराही विभागांचे प्रोग्राम बंद पडले, कारण उत्तर कुणाकडेच नव्हतं. आता सतरा विभागप्रमुखांच्या विनवण्या कोण करणार? तात्पुरतेंनी करारातच तयार उत्तर लिहून टाकलं, डिफॉल्ट: 'नाही'. ज्याला वेगळं हवं त्याने आपलं लिहावं. न लिहिणाऱ्याला हेच लागू. क्षणात गाडं सुरळीत चालू लागलं आणि साहेबांनी भर मीटिंगमध्ये पाठ थोपटली.

वेगळं उत्तर कुणी लिहिलं? एकानेही नाही. खुद्द तात्पुरतेंच्या विभागानेही नाही. तक्रारही आली नाही. लोकांना वाटायचं, वरूनच नकार येतोय.

सोमवारी बाबांचा फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा, बुधवारी होतं. एक डोळा आधीच गेलेला, उरलेल्यावर हे ऑपरेशन. तात्पुरतेंनी घाईघाईने रजा टाकली. बटणावरून बोट उचलायच्या आत उत्तर हजर: 'नाही'.

ते साहेबांकडे धावले.

"अहो, सिस्टिमच नाही म्हणतेय. मी काय करणार?"

"साहेब, ते 'नाही' मीच लिहिलंय."

"मग तर तुम्हाला पटायलाच हवं!"

"आपल्या विभागाचं वेगळं उत्तर लिहितो ना. तीन ओळींचं काम आहे."

"लिहा की. नाही कोण म्हणतंय? पण नवीन कोड सिस्टिमवर गुरुवारीच चढतो, नियम आहे."

ऑपरेशन बुधवारी. येता येणार नाही हे सांगायला तात्पुरतेंनी फोन लावला, पण बाबांनी त्यांना तोंडच उघडू दिलं नाही.

"काळजी करू नकोस रे. सोबतीला शेजारच्या काकांना सांगून ठेवलंय."

"मला न विचारताच?"

"तू वेगळं काही कळवत नाहीस तोवर मी 'नाही'च धरून चालतो. तुझी आई गेल्यापासून असंच चाललंय की. काही अडत नाही."

बाबांच्या आवाजात राग नव्हता, हेच तात्पुरतेंना जास्त लागलं. इतकी वर्षं बाबांनीही तक्रार केली नव्हती. तात्पुरतेंना स्वतःची लाज वाटली. समोरच्या पडद्यावर ते 'नाही' तसंच होतं. त्यांनी मशीन बंद केलं आणि पिशवी उचलली.

"बाबा, मी येतोय. आजच निघतो."

बाबा जपून म्हणाले, "बरं. मग काकांना नको म्हणून सांगू? की तात्पुरतं राहू दे त्यांना?"