पाऊलताईची चाल

“घर आहे की कवायतीचं मैदान!” दाराबाहेर सासूबाई पुटपुटल्या, आणि ते वाक्य हवालदाराच्या सातव्या पावलावर चोख रेकॉर्ड झालं.

“आई, लाल दिवा लागलाय!” हेडफोन काढून नवरा ओरडला.

“लागू दे. श्वास तरी घेऊ ना, की तोही विचारून?”

ही खोली एकेकाळी अडगळीची. आता भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खाली एक चौकोन फरशीचा, एक लाकडाचा, शेजारी वाळूचा ट्रे. पडद्यावर सिनेमातला हवालदार चालायचा, आणि त्याच्या मापाचे बूट घालून सासूबाईंची सून माइकसमोर जागच्या जागी चालायची. कामातले लोक तिला पाऊलताई म्हणत. बावीस वर्षांत तिने मंत्री चालवले, चोर पळवले, रुसलेल्या नायिका जिन्यावरून उतरवल्या. मग नवरा तो आवाज चित्रावर बसवायचा. टाच टेकली की ठक्क. ना आधी, ना नंतर.

दोन वर्षांपासून तिचा डावा गुडघा कुरकुरत होता. गुपचूप दाखवलेल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. ऑपरेशन म्हणजे सहा महिने घरी, आणि तेवढ्यात पावलं दुसऱ्या कुणाच्या पायावर जातात. म्हणून तिने दुखणं इतकं बेमालूम लपवलं, की घरात कुणाला पत्ताही नव्हता. निदान तिची तशी समजूत होती.

हवालदाराचं रेकॉर्डिंग झालं त्याच संध्याकाळी नवरा तापाने फणफणला. काम अडायला नको म्हणून तिनेच हवालदाराची पावलं जशीच्या तशी पाठवून दिली. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन आला, तिने तो स्पीकरवर घेतला.

“पाऊलताई, आमचा हवालदार लंगडतोय हो! चित्रात तर चांगला धडधाकट आहे.”

“बुटाचा तळ गेलाय,” नवरा अंथरुणातून घाईने म्हणाला.

“फरशी हलते ती, मेली!” सासूबाई म्हणाल्या.

मायलेकांचं एकमत झालेलं तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिथेच तिला शंका आली.

फोन ठेवून तिने गेल्या दोन वर्षांतल्या कामाच्या फायली उघडल्या. मंत्री, चोर, नायिका. प्रत्येकाचं उजवं पाऊल जागच्या जागी. आणि प्रत्येक डावं पाऊल कापून दोन फ्रेम अलीकडे ओढलेलं. दोन फ्रेम म्हणजे पापणी लवायलाही पुरणार नाही, इतका वेळ. अशी हजारो पावलं. जेवायला बोलावलं की नवरा ‘एवढं थोडं नीट करून येतो’ म्हणायचा, ते एवढं थोडं हे होतं तर!

“हे काय हो?”

“सरकवावं लागतं गं थोडं. सगळ्यांचंच.” शाल सावरत तो दारात येऊन उभा होता.

“उजव्याचं नाही सरकवलंत कधी.”

तो चष्मा पुसू लागला. चष्मा आधीच लख्ख होता.

“आपण नवे बूट घेऊ गं,” मागून सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मऊ कधी नसे. “हलके बघून घेऊ.”

“बुटांना कशाला बोल लावता?” ती म्हणाली. “हवालदार नाही लंगडत. मी लंगडते.”