पालथी काच

…ठिपका चकाकत होता, आणि त्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. गोल, भरीव, कडा स्वच्छ. फक्त तो तिथे असायला नको होता. काचेवर ठिपके उमटवणाऱ्या मशीनवाल्याने टिपणात लिहिलं होतं : तिसरी ओळ, सतरावं घर, सुई तुंबली, जागा रिकामी. रिकाम्या जागेला उजेड कुठून आला? तिने पडद्यावर बोट टेकवलं आणि मग, का कोण जाणे, सतराव्या ओळीतलं तिसरं घर पाहिलं. तिथे मिट्ट काळोख.

तिने उरलेला चहा संपवला.

वीस ओळी, ओळीत वीस घरं, प्रत्येक घरात प्रथिनाचा एकेक तुकडा. कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींचा अर्क वर सोडला की त्यातली काइनेज नावाची विकरं आपापल्या तुकड्यांवर खूण करतात, खूण झालेला ठिपका उजळतो, आणि गाठीत कुठलं काइनेज बेफाम झालंय ते तिचा प्रोग्रॅम सांगतो. नऊ वर्षांपूर्वी तिने एकटीने लिहिलेला. तीन कोपरे उजळ, चौथा काळा, एवढ्यावरून तो चित्र स्वतःच फिरवून सरळ करायचा. "कशीही ठेवा हो काच, माझं पोरगं हुशार आहे," असं ती प्रत्येक नव्या माणसाला सांगायची, तेही मान जरा तिरकी करून… दोन वर्षांपूर्वी नवा स्कॅनर आला. त्यात काच पालथी ठेवतात. चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. एखाद्या बावळट प्रोग्रॅमने तिथेच बोंब मारली असती. ह्या शहाण्याने चित्र फिरवलं, कोपरे जुळवले, आडव्या ओळी उभ्या केल्या, तिसऱ्या ओळीतलं सतरावं घर सतराव्या ओळीतलं तिसरं करून टाकलं आणि मोकळा झाला. पडताळणीचे ठिपके तिने काळ्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मांडलेले. ह्या अदलाबदलीत नेमके तेवढेच आपल्या जागी राहतात. म्हणून दोन वर्षं सगळं ठीक, ठीक, ठीक.

दोन वर्षं म्हणजे चिमणीचा अख्खा प्रबंध. चिमणी म्हणजे पलीकडच्या टेबलावरची संशोधक मुलगी, लहानखुरी, दिवसभर चिवचिवणारी. गुरुवारी तिची तोंडी परीक्षा होती, आणि ज्या काइनेजला तिने दोनशे पानं खर्चून दोषी ठरवलं होतं, त्या बिचाऱ्याने कदाचित काहीच केलं नव्हतं. चित्र सुलट करून पुन्हा मोजायला दहा मिनिटं लागली असती. तिने मोजलं नाही.

ती लहान असताना तिचे वडील टपालखात्यात पत्रं खणांत लावायचे. एकदा जेवताना म्हणाले, आज माझ्या हातून एक अख्खी ओळ शेजारच्या खणांत गेली. आई म्हणाली, "मग? कळलं का कुणाला?" "नाही." "मग जेवा की." आणि ते जेवले, अगदी पोटभर… तिला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. आठ वर्षांच्या मुलीला राग परवडतो.

आज मंगळवार. उद्या सांगू. पोरीला आज कशाला रडवा…

"ताई!" चिमणी दारातूनच. "बाहेरचे परीक्षक प्रोग्रॅमबद्दल खोदून विचारणार म्हणे. तू मागे बसशील ना गं?"

"बसेन की."

"मग मला कसली भीती! सर म्हणाले, आकड्यांची काळजी तू करूच नकोस, ते ताईच्या हातचे आहेत."

ताईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बरं वाटलं होतं. आत्ता, सगळं कळून चुकल्यावर, हे ऐकून बरं वाटलं होतं! लाज त्यानंतर आली, सावकाश, आणि तिला हे साफ दिसलं की सकाळपासून आपण जिला दया म्हणत होतो ती दया नव्हतीच. पोरगी रडेल ह्याचं भय नव्हतं. रडून झाल्यावर ती आपल्याकडे कशी पाहील, ह्याचं होतं.

"चिमणे, बस जरा."

चिमणीने खुर्ची ओढली आणि हात मांडीवर ठेवून हसत बसली. ह्या नजरेत मी अजून कधीच न चुकणारी आहे… आणखी एक मिनिट. तिने ते मिनिट घेतलं.

"अगं, बोल ना," चिमणी म्हणाली.

तिने आणखी एक घेतलं.