आस्कंदाचं दूध

"घरी कोणतं औषध चालू आहे का? बीपीची, शुगरची, कसलीही गोळी?"

डॉक्टर महजबीननं पुन्हा विचारलं आणि कॉटवरच्या कल्याणनं पुन्हा मान हलवली. "न्हाई म्याडम. गोळीला हातबी लावत न्हाई मी."

"बिलकुल न्हाई," पायथ्याशी उभी असलेली चंद्रकलाही म्हणाली.

खोटं बोलत नव्हती हो दोघं! त्यांच्या लेखी औषध म्हणजे गोळी, नाहीतर सुई. रोज दुधातून घ्यायचं ते घरचं, ते कशाला डॉक्टरला सांगायचं? नवऱ्याचे डोळे पिवळेजर्द झालेले, अंग खाजवून खाजवून रक्ताळलेलं, लघवी चहाच्या रंगाची. आणि ही नवराबायको छातीठोकपणे सांगत होती, काही चालू नाही म्हणून. आता याला काय म्हणावं!

कल्याण जुन्या जालन्यात बद्रीनारायण शेठच्या कापडदुकानात सेल्समन होता. गादीवर मांडी घालून बसायचं, साडीमागून साडी उलगडायची, आणि ढीगभर पाहून बाई तशीच उठली तरी "या ताई पुन्हा" म्हणत हसून घड्या घालायच्या, यात त्याचा जन्म गेला. कुणाला नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

गेल्या लग्नसराईत, ऐन गर्दीत, शालूचा पदर उघडताना त्याच्या छातीत धडधड सुटली. हातापायाला मुंग्या आल्या, घशाला कोरड पडली, आता आपण मरतो असं त्याला वाटलं. ईसीजी काढला तर सगळं बराबर. तिथले डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, ही घबराट आहे, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. झालं! त्याच्या थोरल्या भावाला, रामरावला, एकदा तीर्थपुरीहून अशाच डॉक्टरकडे नेलं होतं. त्यानंतर गावात त्याला रामराव म्हणून कुणी हाक मारली नाही. मरेपर्यंत तो येडाच राहिला.

"कोणापशी बोलू नको," कल्याण घरी आल्यावर म्हणाला. "दुकानात कळलं तं संपलंच मंग. येड्यापुढं कोण बाई साडी पाह्यला बसंल?"

चंद्रकलेला ते पटलं. आज तिला त्याचाच राग येतो, पण तेव्हा पटलं. तिनं भोकरदनला माहेरी जाऊन आस्कंदाची मुळी आणली, कुटली, वस्त्रगाळ केली आणि रोज झोपताना दुधातून द्यायला लागली. जिवाला आराम पडतो, असं तिची आई सांगायची. कल्याणला झोप लागू लागली तशी तिनं देवापुढे साखर ठेवली.

चंद्रकलेनं तोंड मिटून घेतलं, पण थरथरणारे हात कुठं लपतात? दुकानात शेठच्या नजरेला पडलेच. त्यानं कल्याणला आत बोलावून हातात पुडी ठेवली, आणि ती संपली की दुसरी देत गेला. फोनवर बापाचा आवाज ऐकून संभाजीनगरच्या लेकीनं, शीतलनं, काय ते ओळखलं आणि पार्सल धाडलं. ते दोघंही वर सांगायला विसरले नाहीत, घरात बोलू नका, उगाच काळजी करतील. कल्याणनं सगळ्यांचा शब्द पाळला. चंद्रकलेला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं.

ते कळलं दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशी. शेठ भेटायला आला, कल्याणचा चेहरा पाहून हबकला, आणि चंद्रकलेला बाजूला घेऊन त्यानं खिशातनं पुडी काढली.

"वहिनी, हे बंद नका करू. दुकानात रोज घेत होता. आमच्या राजस्थानची चीज आहे, नागोरी असगंध. देसी जडीबुटी, नुकसान काही न्हाई."

"द्या शेठजी," चंद्रकला म्हणाली. तिला भरून आलं, मालक असूनही एवढा जीव लावतो म्हणून. "मी बी काल रात्री आस्कंदाचं दूध पाजलं त्यायला. दोन्ही चालू ठिवते."

राऊंडला आलेली महजबीन दारातच थांबली.

"काय पाजलं मावशी?"

"आस्कंद."

"आणि शेठजी, तुम्ही?"

"असगंध, बेटा."

तिनं खुर्ची ओढली आणि बसलीच. "माझी नानी असगंध म्हणायची, शाळेत बाई आस्कंद म्हणायच्या. मावशी, एकच मुळी आहे ही."

कल्याण उशीवरून मान न उचलता म्हणाला, "शीतलनं धाडलेली पूड बी हाये... डब्याच्या पिशवीत."

पिशवीतून बाटली निघाली. वर हिरवं पान आणि इंग्रजी अक्षरं. महजबीननं वाचून दाखवलं, "अश्वगंधा." तीच मुळी, तिसऱ्या नावानं.

"पुष्कळांना सोसतं हे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण काहींच्या लिव्हरला सोसत नाही. आणि यांच्या पोटात तिन्हीकडून जात होतं, महिनोन्‌महिने. कावीळ यानंच झाली असावी, दुसरं कुठलं कारण रिपोर्टांत निघालं नाही. आता सगळं बंद. लिव्हर काम सोडत चाललंय, आजच संभाजीनगरला हलवावं लागेल, इथं थांबण्यात धोका आहे."

शेठनं पुडी मुठीत दाबली आणि खाली पाहत राहिला. चंद्रकला मात्र कडाडली, "एका शब्दानं सांगायचं व्हतं का न्हाई मला? अवो, मी काय वैरीण व्हते का तुमची?"

"मला वाटलं तीन अलग अलग हायेत," कल्याण म्हणाला. "इतक्या जिवानं देऊन राह्यले सगळे... कोणाला न्हाई म्हणू? म्हणलं, एखादं तरी लागू पडंल."

ती तोंडात पदर कोंबून रडली. कुटताना मुळीची पूड नाकात जायची, शिंका यायच्या, तरी आणखी एक चिमूट जास्त टाकायची ती. ती जास्तीची चिमूट तिला आता आठवत होती आणि स्वतःचे हात तोडून टाकावेसे वाटत होते.

दुपारी अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. शेठ गेटपर्यंत आला, हात जोडून उभा राहिला. कल्याणला गुंगी येत होती, मधेच तो भलतंच बरळायचा, जरीचा भाव सांगायचा. बदनापूर मागे पडल्यावर त्यानं डोळे उघडले. पिवळे, पण ओळखीचे. गाडीतल्या परक्या माणसांसमोर तो मोठ्यानं म्हणाला, "चंद्रकला, मला लई भेव वाटून राह्यलं."

संसारात पहिल्यांदाच बोलला तो असं. काही होत नाही, असं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण ते शब्द तिच्यानं बोलवेनात.

"मलाबी," ती म्हणाली.

कल्याणनं मान हलवली. मग ती सरकून त्याच्या स्ट्रेचरला टेकली, आणि दोघं खिडकीतून मागे पळणारी झाडं बघत राहिली.