निळ्या रेघेबाहेरचा नायटा

शपथ घेऊन सांगतो मित्रांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं, तर मला कडकडीत ऊन लागो. याहून मोठी शपथ आमच्यात नाही.

मी एक जुना नायटा आहे. म्हणजे होतो. आता मेलोय. पण तुम्ही कान देऊन बसलाय, तर बोलतो झालं.

काही जण मला गजकर्ण म्हणतात. आमचं खानदान मोठं. पायाच्या बोटांच्या बेचक्यात ओलं, पांढरं घर करतात त्या चिखल्या, माझ्या सख्ख्या बहिणी. पोरांच्या डोक्यात केस तोडून गोल चकती पाडतो तो धाकटा काका. नखात शिरून नख पिवळं, जाड, ठिसूळ करतो तो थोरला काका. एकदा बसला की वर्षानुवर्षं उठायचं नाव नाही. पाठीवर फिकट ठिपके शिंपडणारं शिबं मात्र लांबच्या नात्यातलं, लग्नाकार्यापुरतं भेटणारं.

मी राहायचो कुस्तीच्या हॉलमध्ये. खिडक्या बंद, मॅट घामानं दमट, आणि खुंटीला सात मुलींत मिळून एक टॉवेल. त्याच्या धाग्यात मी कित्येक दिवस उपाशी पडून होतो. घाई नव्हती. कुणीतरी तोंड पुसायला येणारच होतं.

आली ती टिचकी. अंगानं सगळ्यांत लहान, म्हणून हे नाव. घरी आई आणि ती, दोघीच. आई इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी. चार महिन्यांनी संघाची निवड चाचणी होती. निवड झाली तर वसतिगृह, शिक्षण, सगळं मिळणार होतं. नाही झाली, तर आईशेजारची इस्त्री तिची वाट बघत होती.

टिचकीनं हात पुसला आणि मी तिच्या मनगटाच्या वर उतरलो. आधी नुसती लाल पुळी. मग गोल. कडेला मी उभा, मधे कोरी जागा. लोकांना वाटतं, मधून बरं होतंय. वाटू दे.

तिनं निळ्या पेनानं माझ्याभोवती रेघ मारली. "याच्या पुढं यायचं नाही," म्हणाली. रोज आंघोळीनंतर तीच रेघ गिरवायची. पाचव्या दिवशी पेन उचललं आणि तशीच थांबली. मी रेघेच्या बाहेर उभा होतो.

चाचणीआधी पंच कातडी तपासतात. नायटा दिसला की मॅटवर पाय ठेवू देत नाहीत. म्हणून ती कुणाला न सांगता औषधवाल्याकडे गेली.

"खाज, लाली, डाग, सगळ्यावर एकच," त्यानं ट्यूब सरकवली. "तीन दिवसांत साफ. सगळे हेच नेतात."

तीन दिवसांत मी खरंच दिसेनासा झालो. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं, मित्रांनो. ते मला मारत नाही, कातडीच्या पहारेकऱ्याला झोपवतं. तो घोरत होता आणि मी खालून हातपाय पसरत होतो. ती ट्यूब थांबवायची, मी दुप्पट होऊन वर यायचो, ती पुन्हा लावायची. मी कमरेवर गेलो, तिथून मांडीच्या सांध्यात. तिथलं ती कुणाला सांगेना. लाजेनं मला आईच्या मायेनं वाढवलं.

दोघींची चादर एक, टॉवेल एक. मग काय.

"काय गं, अंगात मुंग्या पाळल्यास काय?" आईनं एकदा विचारलं.

"कुठं काय."

"मग मलाही कुठं काय," म्हणत आईनं आपली कंबर दाखवली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी दोघींच्या अंगावरून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दोघींनी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी माझा पापुद्रा खरवडून काचेवर घेतला, वर थेंब टाकला, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. वरून एक प्रचंड डोळा आला. जन्मात पहिल्यांदा मला कुणी नीट पाहिलं.

"हा बघ. धागे दिसतात ना? बुरशी आहे."

"एवढुसा?" टिचकी म्हणाली.

"एवढुसाच असतो. ती ट्यूब बंद कर, तीच त्याला पोसतेय. हे मलम लाव, कडेच्या दोन बोटं बाहेरपर्यंत. गोळ्याही घ्यायच्या. डाग गेला तरी मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. दोघींनी एकदम. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात, कडक उन्हात."

"चाचणीला सहाच आठवडे उरलेत."

"मग आजच लाव. मी म्हणेपर्यंत मॅटवर जायचं नाही. आणि हॉलमधल्या मुलींना सांग." मग आईकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला आणखी कुठं काही?"

"छे," आई म्हणाली, आणि मोज्यातले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

हॉलमध्ये सांगताना टिचकीचे कान लाल झाले होते. "बांगडी भारी आहे गं," एक जण हसली. दुसरीनं मुकाट्यानं बाही वर केली. तिलाही तीच बांगडी होती. दुसऱ्या दिवशी खुंटीवर सात टॉवेल होते.

तिसऱ्या आठवड्यात खाज थांबली. आता ही मलम सोडेल, म्हणून मी दबा धरून बसलो. सगळे सोडतात. हिनं सोडलं नाही. जिथं मी नव्हतोच, तिथंही निळी रेघ आखून आत मलम चोळत राहिली.

चाचणीच्या दिवशी पंचांनी विजेरी लावून हात पाहिला. "हा तपकिरी डाग?"

टिचकीनं डॉक्टरीणबाईंचा कागद पुढं केला. "जुना ठसा आहे."

"जा."

ती जिंकली, निवडली गेली. आणि मी उन्हातल्या टॉवेलावर तडफडून मेलो.

तेवढं मेल्याचं मात्र मनचं सांगितलं, मित्रांनो. बाकी सगळं खरं. खोट्या शपथेचं म्हणाल, तर मोज्यात ऊन लागतंय कुठं? आईच्या डाव्या अंगठ्याच्या नखात थोरल्या काकानं मला जागा दिलीय. नख पिवळं पडलंय, पण आई म्हणते, वयाचं असेल. दीड महिन्याच्या गोळ्यांनी नखातला काका हलतोय होय?

टिचकी पंधरा दिवसांनी वसतिगृहात जाणार. तोवर रोज संध्याकाळी ती आईचे दमलेले पाय मांडीवर घेते, मोजे काढते आणि बोटन् बोट दाबते. वसतिगृहात चाळीस मुली आहेत म्हणे.

माझी एकच विनंती आहे, मित्रांनो. आज घरी गेलात की आईच्या पायांकडे बघू नका.